कुणाच्या आधी?

होडीवाल्या चाचांनी इंजिन बंद केलं आणि एकदम कान मोकळे झाले. होडीच्या अंगाला चापट्या मारणारं पाणी, सैल सुटलेल्या दोराची करकर, मागे बागमांडल्याच्या धक्क्यावरून निघालेल्या फेरीबोटीची घरघर. बाबांच्या मांडीवर आजोबांच्या अस्थींचं मडकं होतं, आत्याच्या मांडीवर आजीच्या. दोन्हींच्या तोंडाला पांढरं फडकं, वरून सुतळीचे दोन वेढे. सुकाणूवरचा हात न काढता चाचांनी विचारलं, “कुणाच्या आधी?” प्रश्न साधा होता, होडीपुरता होता. दोघं एकदम उठली की होडी कलते. ज्याला आधी सोडायचं त्यानं वारा पाठीशी घेऊन कडेला यायचं, दुसऱ्यानं बसून राहायचं. सकाळी हरिहरेश्वरला ओहोटी होती तेव्हा काळभैरवाच्या देवळामागून आम्ही खडकांवर उतरलो होतो, पिंडदान झालं होतं. तीळ कधी, दर्भ कुठल्या हातात, तोंड कुणीकडे, गुरुजींनी सगळं नीट सांगितलं होतं. हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. काका घसा खाकरून म्हणाले, “जो आधी गेला त्याच्या आधी. सरळ आहे.” बाबांचा हात सुतळीच्या गाठीकडे गेलाही. तेवढ्यात आत्या म्हणाली, “थांब जरा.”

होडीवर तेव्हा कुणीच काही बोललं नाही. पण ते “थांब जरा” मला अजून सुटलेलं नाही.

आमच्या घरात “कुणाच्या आधी” हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत सगळ्या गोष्टींचा क्रम ठरलेला होता. बंबातलं पहिलं कढत पाणी आजोबांचं. पेपर आधी त्यांच्याकडे, घडी न मोडलेला. ताट आधी त्यांचं, मग मुलांचं, मग आल्यागेल्याचं, आणि सगळ्यांची पानं उचलून झाली की आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून पाटावर बसायची आणि पातेल्याच्या तळाची खरपूड उलथन्यानं सोडवायची. तो आवाज म्हणजे दुपारची जेवणं संपली. यात आजीवर अन्याय होत होता असं मी आज लिहिलं तर ती खोटं ठरवील. कुणी सून तिच्याआधी ताट वाढून तिच्यासमोर ठेवू लागली तर ती खरोखर रागवायची. “मला निवांत जेवू दे गं, सगळ्यांचं झालं की,” म्हणायची. त्या शेवटच्या जेवणात तिला काय मिळत होतं, एकटीची पंधरा मिनिटं की आणखी काही, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पण क्रम तिचाही होता, नुसता तिच्यावर लादलेला नव्हता, एवढं मी पाहिलं आहे.

आजोबा गेले ते ज्येष्ठात. पाऊस धरलेला. लाकडं ओली असतील म्हणून चंदनवाडीला विद्युतदाहिनीत नेलं. दहावं-तेरावं बाणगंगेवर झालं, पण अस्थी त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे गावच्या खाडीच्या तोंडाशी सोडायच्या होत्या, आणि जूनपासून जुलैअखेर मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांखाली शाकारलेल्या असतात. आणि बंदी उठली म्हणून दर्या काही लगेच निवत नाही, नारळी पौर्णिमेनंतरच कोकणातला माणूस पाण्याकडे जरा विश्वासानं बघतो. अस्थी घरात आणायच्या नसतात. म्हणून मडकं गॅलरीच्या बाहेरच्या अंगाला खुंटीला टांगलं. आजीची कॉट खिडकीशी होती. तिला ते दिसायचं. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री तिनं बाबांना उठवलं आणि मडकं पन्हळीपासून सरकवून पत्र्याच्या आत घ्यायला लावलं. “ह्यांना पाणी लागतंय,” म्हणाली. “ह्यांचा घसा लगेच धरतो.” बाबांनी काही न बोलता स्टुलावर चढून खुंटी बदलली. त्यानंतर गणपतीत बाळंतिणीसारखं तिला जपावं लागलं, आणि नवरात्राच्या तोंडावर तीही गेली. त्या दिवशी दाहिनी दुरुस्तीला होती, म्हणून आजीला लाकडं मिळाली.

त्यामुळे दोघांची राख वेगळी होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी मडकी नीट बांधताना मी ती पाहिली. आजोबांची जवळजवळ पांढरी, कोरडी, बोटाला खडूसारखी लागणारी. आजीची करडी, तिच्यात कोळशाचे बारके तुकडे, एक अर्धवट जळलेली काडी, आणि दुधानं शिंपडून सावडलेली म्हणून कुठे कुठे गोळा झालेली. हाडांचे तुकडे दोन्हींत होते. बाबांनी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. ते तुकड्यांकडे बघत म्हणाले, “कॅल्शियम फॉस्फेट. विरघळत नाही हे लवकर. तळाशी बसेल, शिंपल्यांत.” मग त्यांनीच फडकं ओढून घेतलं. पुढे बराच वेळ ते सुतळीची गाठ मारत होते, सोडत होते, परत मारत होते.

आजोबांची जागा ठरली होती ती 2008 साली. त्या वर्षी 30 जानेवारीला गिरगाव चौपाटीवरून गांधीजींच्या अस्थींचा एक कलश समुद्रात सोडला. कुणीतरी 60 वर्षं सांभाळून ठेवलेला तो कलश मणिभवनात आला होता, आणि विसर्जन केलं गांधीजींचे थोरले चिरंजीव हरिलाल यांच्या नातीनं, नीलमबेन पारीख यांनी. चौपाटी आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. आजोबा सकाळीच स्वच्छ धोतर नेसून बघायला गेले. परत आले ते दारातच चपला काढता काढता बोलायला लागले. हरिलालांचं न् बापूंचं कसं बिनसलं होतं ते त्यांच्या पिढीला तोंडपाठ. “त्याच मुलाची नात,” असं दोनतीनदा म्हणाले. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, “मला बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी सोडा. इथे नको, नाशिकला नको. खाडी संपते न् दर्या सुरू होतो तिथे.” बाबांनी मान हलवली. काकांनी मान हलवली. आजी खाली बसून मेथी निवडत होती. पेपरावर एका बाजूला पानं, एका बाजूला काड्या. तिनं जुडी उलगडली, मुळाशी लागलेली माती झटकली आणि पुढची काडी हातात घेतली. तिच्याकडे कुणी वळून बघितलं नाही, तिनंही मान वर केली नाही. त्या दिवसापासून घरात सगळे “आजी-आजोबांना बाणकोटला सोडायचं” असं म्हणू लागले. दोघांना.

आजी वाईची होती.

ज्यानं वाई पाहिली आहे त्याला मी यापुढे काही सांगायला नको. ढोल्या गणपतीच्या घाटाच्या पायऱ्या, भिजलेल्या दगडाचा वास, कृष्णाबाईचा उत्सव, पहाटेचं पाणी आणि त्यात अर्ध्या बुडलेल्या बायकांच्या गप्पा. आजीसाठी पाणी म्हणजे ते. वाहणारं, गोड, ज्याचा पलीकडचा काठ दिसतो असं. समुद्र तिला कधी आवडला नाही. चौपाटीवर भेळ खायला गेलो की ती समुद्राकडे पाठ आणि रस्त्यावरच्या गाड्यांकडे तोंड करून बसायची. वारा चिकट आहे म्हणायची. गावी गेलं की विहिरीचं पाणी मचूळ लागतं म्हणून तोंड वाकडं करायची, आणि तांदळाच्या भाकरीनं पोट भरल्यासारखं वाटत नाही हे तिनं कोकणातल्या माणसाशी जन्मभर संसार करून शेवटपर्यंत सांगितलं. देवघरात तांब्याचा एक गडू होता, तोंडाला मेण लावलेला. आल्यागेल्याला ती गंगा वाटायची. ती कृष्णा होती. आजीच्या तोंडात शेवटी तुळशीपत्रावरून जे पाणी गेलं ते त्याच गडूतलं.

तिची कोकणातली पहिली खेप हा आमच्या घरातला फार जुना किस्सा, आणि तो दोन पाठांत ऐकायला मिळायचा. नवी नवरी, भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीत बसली. रात्रभर उलट्या. बोट बाणकोटच्या बाहेर खोल पाण्यात थांबायची, किनाऱ्याला लागायची नाही. पडाव यायचे आणि उतारू त्यात उतरायचे. आजोबांचं बालपण त्या पडावांत गेलेलं. ते आधी उडी मारून खाली गेले आणि वळून हात वर केला. तेवढ्यात लाट सरकली, पडाव पुरुषभर खाली गेला. शिडीवर नऊवारी सावरत ही, हातात ट्रंक, खाली नुसतं काळं पाणी. एका म्हाताऱ्या खलाशानं तिला ट्रंकेसकट उचलून खाली दिलं. आजोबा सांगायचे, “मी हात दिला होता.” आजी म्हणायची, “पाणी मध्ये आलं.” यापलीकडे तो किस्सा कुणीच कधी नेला नाही. दोघंही खरंच सांगत होती. पण सांगताना आजोबा नेहमी हसायचे, आणि आजी हसायची ती आजोबांचं हसून झाल्यावर.

2016 चा ऑगस्ट मला आता वेगळाच आठवतो. महिन्याच्या सुरुवातीला, 2 तारखेच्या रात्री, महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या. आजोबा दिवसचे दिवस टीव्हीसमोरून उठले नाहीत. सावित्रीचीच पुढे बाणकोटची खाडी होते, तिची वळणं त्यांना पाठ होती. बातमी सांगणाऱ्याच्या आधी ते सांगायचे, आता दासगावला शोधायला हवं, आता आंबेतच्या पुढे, आता बाहेर. मृतदेह खरोखरच पुढे थेट समुद्राच्या किनाऱ्यावर सापडत गेले. आजोबा एकदा नुसते “आमची नदी अशी नव्हती हो” एवढं म्हणाले आणि आत जाऊन पडले. आणि त्याच महिन्यात गुरू कन्या राशीत गेला, कन्यागत सुरू झालं, म्हणजे बारा वर्षांनी गंगा कृष्णेच्या भेटीला आली. आजीनं हट्ट धरला. आत्या तिला घेऊन वाईला गेली. ऐंशीच्या पुढची बाई, दोन्हीकडून धरून घाटाच्या पायऱ्या उतरवली. आत्या सांगते, पाण्याला पाय लागल्यावर आजीनं तिचा हात सोडवून घेतला. परत आल्यावर आजी आठवडाभर वेगळ्याच आवाजात बोलत होती, आणि आजोबा तिच्याशी जपून बोलत होते. एकाच घरात एकाची नदी माणसं घेऊन गेली होती आणि दुसरीची माहेरपण करून परतली होती.

गंमत अशी की या दोन नद्या निघतात एकाच देवळातून. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाचही एका रांगेत दगडी खोबणींतून येतात आणि एका गोमुखातून कुंडात पडतात. तिथून कृष्णा पूर्वेला वळते, वाई, सांगली, कर्नाटक, तेलंगण, आंध्र असं सुमारे 1,400 किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून महाडवरून 100 किलोमीटरच्या आसपास अंतर कापते आणि बाणकोटला अरबी समुद्रात संपते. लहानपणी आम्ही त्या गोमुखाखाली ओंजळी धरून उभे होतो आणि आजीनं सावित्रीची गोष्ट सांगितली. ब्रह्मदेवानं सह्याद्रीवर यज्ञ मांडला. सावित्रीला यायला वेळ लागला, मुहूर्त टळायला आला, म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवून देवांनी यज्ञ सुरू केला. सावित्री आली, बघितलं, आणि सगळ्यांना पाणी व्हाल म्हणून शाप दिला. देवांच्या नद्या झाल्या. तिनं स्वतः पश्चिमेच्या कड्यावरून उडी घेतली. गोष्ट सगळे अशीच सांगतात. आजी मात्र शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडायची. “तयारी करत होती बिचारी. एवढे देव जेवायला यायचे, काय थोडं काम होतं? जरा थांबायचं होतं तिच्यासाठी.”

तिथूनच पुढे आर्थर सीटला गेलो तर खाली सावित्रीचं खोरं दिसतं. ज्या आर्थर मॅलेटच्या नावानं तो कडा ओळखतात, त्याची बायको आणि तान्ही मुलगी 1853 साली इकडे खाली, बाणकोटच्या खाडीत बुडाल्या. त्यांचं स्मारक बाणकोटला आहे. तो माणूस पुढे त्या कड्यावर बसून नदीकडे बघत राहायचा असं सांगतात. आजोबांनी हे आम्हाला होडीतून किल्ला दाखवताना सांगितलं होतं आणि आजीनं कड्यावर उभं राहून. एकच गोष्ट, एकानं नदीच्या शेवटाशी उभं राहून सांगितलेली, दुसरीनं सुरुवातीशी. तेव्हा आम्हाला वाटलं, दोघांनी तीच गोष्ट परत काय सांगायची.

तर त्या दिवशी होडीवर आत्या “थांब जरा” म्हणाली तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात नव्हतं. होडीत उन्हाचा ताव होता, डिझेलचा वास होता, माझ्या चुलतभावाची मुलगी आईच्या मांडीत डोकं खुपसून पडली होती. मार्गशीर्षातली तृतीया. चाचांनी सकाळीच वेळ काढून दिली होती, तीन पाऊण सव्वादोन. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आजोबांनी आम्हाला पाऊणकी पाठ करायला लावली ती याच एका हिशेबासाठी. चाचा बाणकोटचे, डोक्यावर विटलेली पांढरी टोपी, पुलाच्या वेळी त्यांची होडीही शोधात होती. कुठे सोडलेलं काय कुठे लागतं हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. खाडीच्या तोंडाशी गाळाची पट्टी आहे, तिच्यावरून भरतीच्या पाण्यातच होडी निघते. ती ओलांडून आम्ही थोडे पुढे आलो होतो. आत्यानं विचारलं, “चाचा, आत्ता सोडलं तर कुठे जाईल?”

चाचांनी पाण्यावर तरंगणाऱ्या एका झावळीकडे हनुवटीनं दाखवलं. ती जागच्या जागी हलत होती. “आत्ता पाणी उभं आहे. थोड्या वेळानं सुकती लागेल. सुकतीत सोडलंत तर बाहेर, दर्यात. आणि तासभर आधी आला असतात तर भरतीबरोबर आत. आंबेत, दासगाव, उधाणाची भरती असली तर पार महाडच्या अंगाला.”

“म्हणजे सावित्रीतून वर?”

“वरच की. पाणी सहा तास वर जातं, सहा तास खाली.”

आत्या मडक्याकडे बघत राहिली. सकाळी गुरुजींनी सुचवलं होतं, आईंच्या थोड्या अस्थी ठेवा हवं तर, वाईला सोडा, पुष्कळ लोक करतात असं. काकांना ते पटलं होतं. आत्यानं तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं होतं. “जन्मभर सगळ्यांत वाटूनच गेली ती. आता तरी एका जागी राहू दे.” त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. आता ती उठली. तिचे गुडघे दुखतात, तरी कुणाचा हात न धरता कडेला आली. “आईला आधी,” म्हणाली. “पाणी उभं आहे तोवर. कुठे जायचं ते ती बघेल.”

बाबांनी गाठीवरचा हात काढून घेतला. चाचांनी टोपी काढली. आत्यानं फडकं सोडलं, मडकं पाण्याला टेकवून कलतं केलं आणि आत पाणी शिरू दिलं, घागर बुडवावी तसं, घाई न करता. राख वर उडाली नाही. आधी एक करडा ढग पाण्याखाली पसरला, मग जड ते सरळ खाली गेलं, कोळशाचे तुकडे आणि ती अर्धी काडी वर राहिली. झेंडूच्या पाकळ्या, तीळ. सगळं होडीच्या सावलीत तसंच हलत राहिलं, ना आत ना बाहेर. आम्ही बघत राहिलो. झावळी हळूच फिरली आणि तिचं टोक पश्चिमेला वळलं, तेव्हा चाचा बाबांना म्हणाले, “आता तुम्ही.” आजोबांची पांढरी राख सुकतीत सुटली आणि बघता बघता लांब गेली. त्यांना बाहेर जायची सवय होती.

परतीच्या वाटेवर फेरीबोटीची वाट बघताना काकू म्हणाली, “बरं झालं, एकदा तरी पहिला मान आत्याबाईंना मिळाला.” काकू आजीला आत्याबाई म्हणायची. सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं, दोन दिवस तसंच वाटत राहिलं. आणि मग एका रात्री गणपतीतली एक गोष्ट आठवली. दर वर्षी गावच्या घरी जायचं तर आजी आठवडाभर आधी एकटी निघायची. वर्षभर बंद असलेलं घर. कौलं गळालेली, उंदीर, वाळवी, चुलीत मांजरीनं घातलेली पिल्लं. ती झाडून काढायची, सारवायची, विहीर उपसून घ्यायची, पाण्याच्या हंड्यांना चिंच लावायची. मग आजोबा मुलांना घेऊन यायचे ते दिवाबत्ती झालेल्या घरात. म्हणजे ती पुढे जायचीच. नेहमीच. पुढे जाणं हा तिच्या कामाचाच भाग होता. मग आम्ही तिला त्या दिवशी मान दिला की नेहमीसारखं पुढे धाडलं, “जा, झाडून ठेव, हे येतायत मागून”?

मी हे आत्याला फोनवर विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मी तिला थांबलेल्या पाण्यात सोडलं. बाकी माझ्या हातात नव्हतं.” आणि लगेच म्हणाली, गुडघ्याला नवं तेल आणलंय, बरं वाटतंय. मी पुढे काही विचारलं नाही. मला वाटतं, तिनं होडीवर जे केलं तेवढंच करण्यासारखं होतं, आणि तिच्याशिवाय ते कुणाला सुचलं नसतं. बाबा आणि काका दोघंही आईवर जीव टाकणारे. शेवटच्या आजारपणात बाबा रात्र रात्र तिचे पाय चेपत बसायचे. पण आईला काय हवं असेल हा प्रश्न पडायला त्यांना त्या मेथीच्या जुडीकडे बघावं लागलं असतं, आणि त्या दिवशी खोलीतला एकही माणूस तिकडे बघत नव्हता. आत्या तेव्हा तिथे नव्हती. सासरी होती. कदाचित म्हणूनच.

मध्यंतरी घरी गेलो होतो. आई कैरीच्या फोडी करत होती, पंच्यावर वाळत घालत होती. खोलीभर आंबट वास. मी तिच्या शेजारी बसलो आणि सरळ विचारलं, “तुझं कुठे करायचं?” असं विचारायला मी बरेच दिवस घेतले होते. वाटलं होतं ती म्हणेल, काय हे अभद्र. आईनं विळीवरून मानही वर केली नाही.

“चिपळूणला. वाशिष्ठीत. दाभोळला समुद्रात नको, गोवळकोटच्या धक्क्यावरूनच. आणि पावसाळ्यात नेऊ नका. 2021 ला बघितलंस ना, मामाच्या माजघरात आली होती ती. दिवाळीनंतर न्या, पाणी निवळतं तोवर. दुपारचं ऊन नको, सकाळी लवकर. नारळ माहेरच्या झाडाचा घ्या, मामाला सांगून ठेवलंय मी.”

बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर खाली झाला. ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि थोडा वेळ चौकट धरून उभे राहिले.

“गोवळकोटच्या धक्क्याला पाण्यापर्यंत पायऱ्या आहेत का गं?” त्यांनी विचारलं. “माझ्या लक्षात नाही.”

“एका बाजूला होत्या. पुरानंतर राहिल्यात की नाही, ते बघावं लागेल.”

“मग मे महिन्यात जातोच आहोत मामाकडे,” बाबा म्हणाले, “तेव्हा बघून ठेवू.” आणि तिथेच पाट ओढून बसले, फोडी पसरायला लागले.